गाझु, कोर्झा, बुए : पोर्तुगीज बोलशब्दांची कुळकथा

पोर्तुगीज भाषेत शिष्टांच्या लेखनात न बसणाऱ्या, रस्त्यावर, खानावळीत आणि बंदरावर घडलेल्या बोलीला दोन नावे आहेत. ब्राझीलमध्ये तिला ‘झिरिया’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये त्याच्या जोडीने ‘कलांव’ हा शब्द चालतो आणि त्याला किंचित शिवराळपणाची छटा असते. झिरिया हा शब्द आरंभी चोर, भिकारी आणि फिरते कारागीर यांच्या सांकेतिक भाषेपुरता होता. महाराष्ट्रातील दलालांनी गिऱ्हाइकाच्या देखत भाव ठरवण्यासाठी जी नंदभाषा चालवली तिच्याच जातीची, म्हणजे बाहेरच्याला कळू नये याच हेतूने रचलेली ती भाषा होती. कलांव या शब्दाचे कूळ मात्र निराळे आणि मराठी वाचकाला अनपेक्षितपणे जवळचे आहे. तो स्पॅनिशमधील ‘कालो’वरून आला. कालो हे स्पेनमधील रोमा लोकांच्या बोलीचे नाव असून ते लोक स्वतःला ‘काले’ म्हणवतात म्हणून ते पडले. आणि त्यांच्या भाषेत कालो म्हणजे काळा. संस्कृत ‘काल’ आणि मराठी ‘काळा’ यांचा हा भाऊबंदच. एका समाजाने स्वतःला दिलेले नाव शेजारच्या समाजाच्या भाषेत ‘हलकी बोली’ या अर्थाने रुजले.

पोर्तुगीज बोलशब्दांची वंशावळ तपासू लागले की हा प्रकार पुनःपुन्हा आढळतो. परक्या लोकांकडून घेतलेली वस्तूंची नावे बहुधा मूळ किमतीला टिकून राहिली. माणसांची, त्यांच्या नात्यांची आणि त्यांच्या बोलण्याचालण्याची नावे मात्र घसरली. ती किती घसरली हे शब्दाच्या मूळ अर्थावर फारसे अवलंबून नव्हते. ज्या लोकांकडून शब्द घेतला ते लोक त्या वेळी सत्तेच्या कोणत्या बाजूला उभे होते, यावर ते ठरले.

याचा पडताळा अरबी शब्दांवरून घेता येतो. इबेरियाच्या पश्चिम भागावर इसवी सन ७११ नंतर मुस्लिम सत्ता स्थिरावली आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचे फारो शहर १२४९ मध्ये ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, तेव्हा तेथील तिचा शेवट झाला. एवढा दीर्घ काळ अरबी ही राज्यकर्त्यांची आणि विद्वानांची भाषा होती, त्यामुळे तिच्यातून आलेले ‘अल्काइद’ (किल्लेदार) आणि ‘अल्फेरेस’ (सैन्यातील अधिकारी) हे शब्द मानाचेच राहिले. ‘ओशाला’, म्हणजे ‘तसे घडो’, हा उद्गार अल्लाच्या इच्छेचा उल्लेख पोटात घेऊन आजही धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांत सहज उच्चारला जातो. नाव न घेता कोणाचा तरी उल्लेख करण्यासाठीचा ‘फुलानु’ हाही अरबीच. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘फलाणा’ झाला. मराठी माणूस फलाणा-बिस्ताणा म्हणतो तसा पोर्तुगीज माणूस ‘फुलानु, बेल्त्रानु, सिक्रानु’ अशी तिघांची माळ लावतो. फुलानु या शब्दात आजतागायत फारशी तुच्छता शिरलेली नाही.

रोमा लोकांचे तसे झाले नाही. त्यांचे पूर्वज साधारण एक हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीस असे मुक्काम करीत पंधराव्या शतकात इबेरियात पोचले. आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने १४२५ मध्ये ‘छोट्या इजिप्तचा’ म्हणवणाऱ्या त्यांच्या एका म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिला होता, हा तेथील त्यांचा आरंभीचा ठळक पुरावा. पोर्तुगालमध्ये त्यांना ‘सिगानु’ म्हणू लागले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात झिल व्हिसेंत या नाटककाराने सिगानु बायकांवर एक प्रहसन लिहिले, त्यात त्यांचे बोलणे बोबड्या स्पॅनिशमध्ये घातले आणि दरबाराला हसवले. त्याच सुमारास, १५२६ मध्ये, राजा तिसरा जुआंव याने सिगानुंना राज्यात प्रवेश बंद केला. पुढे त्यांना ब्राझीलला आणि आफ्रिकेला हद्दपार करण्याची प्रथा पडली; १५७४ मध्ये ब्राझीलची शिक्षा झालेला जुआंव द तोर्रेस हा अशा हद्दपारांपैकी नावानिशी माहीत असलेला पहिला. १७१८ मध्ये ब्राझीलमधील बाहियाकडे पाठवलेल्या सिगानुंना तर स्वतःची भाषा बोलण्याची आणि ती मुलांना शिकवण्याचीही मनाई करण्यात आली. दोन शतके अशी गेल्यावर इबेरियातील रोमा भाषेचे व्याकरण झिजून गेले आणि तिचे शब्द तेवढे स्पॅनिश किंवा पोर्तुगीज वाक्यांच्या सांगाड्यावर टिकून राहिले. कालो ही बोली अशी बनली आहे.

बंदी घालणाऱ्यांच्या भाषेत मात्र तेच शब्द मागील दाराने शिरत होते. तुरुंग, गुरांचे बाजार, सैन्याच्या छावण्या आणि लिस्बनच्या आल्फामा व मोरारिया या जुन्या वस्त्यांतील दारूचे गुत्ते ही त्यांची प्रवेशद्वारे होती. एकोणिसाव्या शतकात ज्या गुत्त्यांत फादु हे गाणे घडले तेथेच कलांवही घडत होती. भाषाशास्त्रज्ञ आदोल्फु कोएल्यु यांनी १८९२ मध्ये पोर्तुगालमधील सिगानुंवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याला कलांवचा अभ्यास जोडलेला आहे, आणि ही जोडणी सोयीची नसून तर्काची होती.

या मार्गाने आलेला सर्वांत यशस्वी शब्द म्हणजे ‘गाझु’. रोमा भाषेत त्याचा अर्थ ‘रोमा नसलेला माणूस’ एवढाच. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘कोणी एक माणूस’ असा झाला. मराठीतील ‘तो गडी’, ‘तो बाबा’ यांच्या जागी तो येतो, आवाजाच्या चढउतारानुसार त्यात सलगीही असते आणि हेटाळणीही. स्त्रीलिंगी ‘गाझा’ मात्र पुष्कळ अधिक लागट आहे, हेही या घसरणीच्या नियमाला धरूनच म्हणावे लागेल. गंमत अशी की दोन पोर्तुगीज माणसे एकमेकांना गाझु म्हणतात तेव्हा, रोमा दृष्टीने पाहिल्यास, ती शब्दाचा अचूक उपयोग करीत असतात.

‘शवालु’ म्हणजे पोरगा, पोरटा. रोमा भाषेतील ‘छावो’ म्हणजे मुलगा, त्यावरून कालोमध्ये ‘चवाल’ आणि तेथून हा शब्द आला. मूळ प्राकृत भाषांतील ‘छाव’, म्हणजे पशूचे पिल्लू. त्याच मुळातून मराठीचा ‘छावा’ निघाला. मराठीत या शब्दाने सिंहाचे पिल्लू, शूराचा पुत्र, पुढे तर संभाजी महाराजांचे बिरुद, असा वरचा रस्ता धरला. इबेरियात त्याच शब्दाला गल्लीतल्या पोराटोरांचा सोबती व्हावे लागले. ‘पिरार-स’ म्हणजे पळ काढणे, सटकणे. त्यामागील रोमा क्रियापद ‘फिर-’ हे मराठी ‘फिरणे’ याचे सगोत्र. रोमा भाषेत नुसते चालणे-हिंडणे, पोर्तुगीजमध्ये पोबारा. फिरस्त्या लोकांचे चालणे पाहणाऱ्याला नेहमी पळणेच वाटले, असा याचा अर्थ लावता येईल. मराठी भाषेनेही ‘भामटा’ हा एका जमातीच्या नावाचा शब्द ठकासाठी राखून ठेवला आहे, तेव्हा हा दोष एकट्या पोर्तुगीजांचा मानण्याचे कारण नाही.

रोमा लोकांनी खुष्कीच्या मार्गाने जे भारतीय शब्द नेले त्यांना इबेरियात पोचायला काही शतके लागली. पोर्तुगीज समुद्रमार्गाने भारतात पोचल्यावर, म्हणजे १४९८ नंतर, जहाजाने गेलेले शब्द काही दशकांतच लिस्बनला पोचले. या दुसऱ्या प्रवाहाचा सर्वांत मोठा अभ्यासक गोव्याचा होता. बारदेशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले धर्मगुरू सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु यांनी कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईत १८९३ मध्ये छापून घेतला, पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचे अध्यापन केले, १९१३ मध्ये आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावावर ग्रंथ लिहिला आणि १९१९ ते १९२१ या काळात पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा दोन खंडांचा कोश कोइंब्रा येथून प्रसिद्ध केला. मराठीत बटाटा, पाव, चावी, लिलाव, बिजागरी, घमेले, पगार असे जे शब्द पोर्तुगीजांकडून आले ते जवळजवळ सारे वस्तूंचे आणि व्यवहारांचे आहेत, आणि ते आपापल्या जागी निमूट कामाला लागले. उलट दिशेने गेलेल्या शब्दांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे.

वस्तूंच्या नावांना तिकडेही धोका झाला नाही. ‘मांगा’ म्हणजे आंबा, ‘शिता’ म्हणजे छापील सुती कापड, मराठीतील चीट. ‘बेंगाला’ म्हणजे बंगालच्या वेताची म्हणून हातात धरण्याची काठी. ही सारी नावे आजही प्रतिष्ठित आहेत. ‘कोर्झा’ या शब्दाचे मात्र हाल झाले. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी कागदपत्रांत कोर्झा म्हणजे वीस नग. कापडाचे तागे, वस्त्रे असा माल भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कोर्झाच्या हिशेबाने मोजला जाई. दालगादुंनी त्याचे मूळ मल्याळममध्ये दाखवले आहे. मराठी बाजारात याच विसाच्या मापाला कोडी म्हणत. वखारीतील गठ्ठ्यांचे हे निरुपद्रवी माप पोर्तुगालमध्ये पोचल्यावर ‘एकाच प्रतीच्या वस्तूंचा समूह’ या अर्थावरून ‘एकाच लायकीच्या माणसांचा घोळका’ या अर्थाकडे सरकले आणि अखेर चोरांची, लुच्च्यांची, हरामखोरांची टोळी एवढ्याच अर्थापुरते उरले. आज तेथे राजकारण्यांवर संतापलेला नागरिक त्यांना कोर्झा म्हणतो, तेव्हा आपण कापडाच्या ताग्यांचे माप वापरीत आहोत याचा त्याला पत्ता नसतो. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : शब्द वस्तूंना लागत होता तोवर सुरक्षित होता, माणसांना लागताच बिघडला.

‘शातिं’ हा शब्द तर आरंभापासूनच माणसांचा. दक्षिणेतील चेट्टी व्यापाऱ्यांचे हे नाव. ‘श्रेष्ठी’ या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. पोर्तुगीजांना मलबार, कोरोमंडल आणि मलाक्का येथे जे कसलेले व्यापारी भेटले त्यांच्याशी स्पर्धा करणे त्यांना जड गेले, आणि तलवारीऐवजी तागडी धरणे हे सरदारी मनाला कमीपणाचे वाटत असल्याने, लष्करी चाकरी सोडून व्यापारात पडलेल्या स्वकीयांनाही ते हिणवून शातिं म्हणू लागले. शब्दाचा अर्थ लवकरच अप्रामाणिक व्यापारी असा झाला आणि त्यावरून ‘शातिनार’, म्हणजे लबाडीचा धंदा करणे, हे क्रियापदही निघाले. श्रेष्ठीपासून लबाडापर्यंतचा हा उतार शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे. तो उतरवणारे लोक स्वतः मसाल्याच्या व्यापारासाठीच एवढा समुद्र ओलांडून आले होते, हे सांगून ठेवलेले बरे.

या भारतीय शब्दांत एकाचे नशीब मात्र उजळले. गार्सिया द ओर्ता हा गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य, ज्याच्याकडे मुंबई बेट काही काळ भाडेपट्ट्याने होते. त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरील संवादग्रंथात रोग्याला मिरी आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात व त्याला ‘कांजे’ म्हणतात, अशी नोंद केली आहे. मल्याळममधील ‘कञ्ञि’ हे त्याचे मूळ. मराठीत तोच शब्द ‘कांजी’ या रूपाने आंबवलेल्या पेयाला आणि कपड्यांच्या खळीला लागतो, तर भाताच्या पातळ शिजवणीसाठी कोकण-गोव्यात ‘पेज’ हा शब्द आहे. पोर्तुगालमध्ये त्याचे ‘कांझा’ झाले आणि ते कोंबडीच्या रश्शाला चिकटले : म्हातारी कोंबडी मंद आचेवर तास दोन तास उकळायची, रस्सा गाळून घ्यायचा, त्यात मूठभर तांदूळ किंवा बारीक शेवया शिजवायच्या, मांस हाताने सोलून परत घालायचे आणि वर पुदिन्याची पाने टाकायची. आजारी माणसाला, बाळंतिणीला, प्रवासाने थकलेल्याला हेच देतात. जे गिळायला काही श्रम पडत नाहीत ते सोपे, या न्यायाने ‘ए कांझा’ म्हणजे ‘हे तर अगदी सोपे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी आणि गोल करून आलेला फुटबॉलपटू दोघेही तो वापरतात. ब्राझीलच्या संगीतविश्वात याला आणखी एक फांदी फुटली : दुसऱ्याच्या कार्यक्रमात आलेल्या गायकाने बिदागी न घेता एखाद-दुसरे गाणे म्हटले की त्याने ‘कांझा दिली’ असे म्हणतात. केरळच्या रोग्याची पेज अशी साओ पावलोच्या रंगमंचावर पोचली. ती खाण्याची वस्तू होती, म्हणूनच ती पोचताना अंगावर चिखल उडाला नाही.

ब्राझीलमधील शब्दांचा इतिहास मात्र फार मोठ्या क्रौर्यावर उभा आहे. तीन शतकांहून अधिक काळात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून तेथे उतरवली गेली आणि गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १३ मे १८८८ रोजी. यांतील फार मोठा वाटा आजच्या अंगोलाच्या किनाऱ्यावरून, विशेषतः लुआंडा बंदरातून आला, आणि त्या मुलखाची प्रमुख भाषा होती किंबुंदु. बांटू भाषाकुळातील ही भाषा ब्राझीलमध्ये इतकी बोलली जात होती की पेद्रु दियास या जेझुइट धर्मगुरूने बाहियात राहून तिचे व्याकरण लिहिले आणि ते १६९७ मध्ये लिस्बनला छापले. आफ्रिकेतील भाषेचे व्याकरण अमेरिकेत लिहावे लागले, यावरून त्या वसाहतीत कोणती भाषा ऐकू येत होती याची कल्पना येते.

ही भाषा मळ्यांबरोबर घरांतही होती. दाया, स्वयंपाकिणी, मुले सांभाळणाऱ्या बायका यांच्या तोंडून ती मालकांच्या मुलांच्या कानावर पडत होती. समाजशास्त्रज्ञ झिल्बेर्तु फ्रेइरे यांनी १९३३ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ब्राझीलच्या पोर्तुगीजचा मऊपणा या दायांच्या पदरी टाकला आहे. हा मऊपणा खरा असला, तरी त्याची किंमत कोणी मोजली हे त्या ग्रंथाच्या टीकाकारांनी पुढे विचारले, आणि तो प्रश्न रास्तच होता. घराच्या आतून आलेले शब्द आजही ब्राझिली माणसाच्या जिव्हाळ्याचे आहेत. सर्वांत धाकट्या भावंडाला ‘कासुला’ म्हणतात, ते किंबुंदु ‘कासुले’; डुलकी काढण्याला ‘कोशिलार’; प्रिय माणसाच्या केसांतून हळुवार बोटे फिरवण्याला ‘काफुने’, हाही आफ्रिकी कुळाचाच मानतात. कासुलाने ब्राझीलमध्ये बायबलमधील बेंजामिनच्या नावावरून आलेला जुना पोर्तुगीज शब्द जवळजवळ हद्दपार केला.

घराच्या उंबऱ्याबाहेर मात्र नियम पुन्हा लागू झाला. ‘मुलेके’ म्हणजे किंबुंदुत नुसता मुलगा. मराठी ‘मुलगा’शी त्याचे साम्य कानाला गोड वाटले तरी तो योगायोग आहे, बांटू भाषांत माणसांच्या नावांना ‘मु’ हा उपसर्ग लागतो, त्यातून तो शब्द घडला आहे. ब्राझीलमध्ये त्याचा अर्थ आधी गुलामाचा काळा पोरगा असा झाला, मग नुसता वात्रट पोर, आणि त्यावरून ‘मोलेकाझें’ म्हणजे पोरकट नालायकपणा. ‘सांझाला’ म्हणजे वस्ती, गाव. ब्राझीलमध्ये ‘सेंझाला’ म्हणजे गुलामांची कोठडी. ‘म्बुंदा’ हा नितंबांसाठीचा साधा शब्द, त्याला ‘बुंदा’ या रूपाने ब्राझीलच्या बोलीत मानाचे नसले तरी अढळ स्थान मिळाले. कारिंबु हा शब्द मात्र वस्तूचा असल्याने निसटला : किंबुंदुतील खुणेच्या शब्दावरून तो आला, गुलामाच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याच्या शिक्क्यालाही तो लागत असे, आणि आज पोर्तुगीज भाषेच्या मुलखात प्रत्येक सरकारी कचेरीतील रबरी शिक्क्याचे ते अधिकृत नाव आहे.

याच ओळीत ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचा एक शब्द घालायला हवा. तुपी भाषेत ‘न्हेएंग’ म्हणजे बोलणे. जेझुइटांनी या भाषेचे महत्त्व ओळखून तिचे व्याकरण १५९५ मध्ये कोइंब्रा येथे छापले होते आणि दीर्घकाळ किनाऱ्यावर तिचेच रूप सर्वांची व्यवहारभाषा म्हणून चालत होते. पोर्तुगालचा सत्ताधारी मंत्री मार्केस द पोंबाल याच्या राजवटीत १७५७ च्या फर्मानाने तिच्या जागी पोर्तुगीजची सक्ती झाली. त्यानंतर ‘न्हेएंग’ची द्विरुक्ती होऊन बनलेला ‘न्हेंन्हेंन्हें’ हा शब्द ब्राझिली पोर्तुगीजमध्ये उरला तो ‘कटकट, भुणभुण’ या अर्थाने.

शब्दांचा पुढचा मोठा लोंढा विसाव्या शतकात, आणि या वेळी थेट लिस्बनमध्ये आला. लुआंडाच्या झोपडवस्त्यांत पोर्तुगीज आणि किंबुंदु यांची सरमिसळ होऊन एक चटपटीत बोली तयार झाली होती. जुझे लुआंदिनु व्हिएइरा या लेखकाने तिलाच वाङ्मयाची भाषा केले. पोर्तुगीज लेखक संस्थेने १९६५ मध्ये त्याच्या ‘लुआंडा’ या कथासंग्रहाला पुरस्कार दिला, तेव्हा तो केप व्हर्दमधील ताराफाल येथील तुरुंगात होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने पुरस्काराचा राग धरून ती संस्थाच बंद करून टाकली. दहा वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९७५ रोजी, अंगोला स्वतंत्र झाला आणि वसाहतींतून सुमारे पाच लाख पोर्तुगीज लोक मायदेशी आले. त्यांच्यामागोमाग आफ्रिकी स्थलांतरितही लिस्बनच्या उपनगरांत वस्तीला आले. त्यांच्या मुलांनी शाळेच्या पटांगणात जे शब्द आणले त्यांत ‘बुए’ सर्वांत पुढे होता. त्याचे मूळ किंबुंदुतील विपुलतेच्या शब्दात दाखवतात, आणि त्याचा अर्थ ‘पुष्कळ, लई’. ‘बाझार’ म्हणजे सटकणे, निघणे, किंबुंदु ‘कुबाझा’वरून, आपल्या बाजाराशी त्याचा काही संबंध नाही, जरी तो फारसी बाजारही पोर्तुगीजमध्ये त्याच अक्षरांनी लिहिला जातो. ‘दिकोता’ म्हणजे किंबुंदुत वयाने आणि मानाने मोठा माणूस, वडीलधारा. लिस्बनच्या पोरांनी त्याचा ‘कोता’ केला आणि घरातील म्हातारा-म्हातारीला तो लावला. वडीलधाऱ्याचा म्हातारा झाला, पण त्यात थोडी माया शिल्लक राहिली.

आता मात्र वारे थोडे बदलले होते. ‘फिश’ हा शब्द, म्हणजे छान, भरवशाचा, झकास, १९८६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मारियु सोआरेस यांच्या प्रचाराची घोषणाच बनला : ‘सोआरेस फिश आहे’; आणि सोआरेस निवडून आले. बोलशब्द भिंतीवरून राष्ट्राध्यक्षाच्या महालापर्यंत गेला. २००१ मध्ये लिस्बनच्या विज्ञान अकादमीने जुआंव मालाका काश्तेलेइरु यांच्या देखरेखीखाली आपला समकालीन पोर्तुगीज शब्दकोश दोन खंडांत प्रसिद्ध केला, त्यात बुए होता. अकादमीचा पहिला कोश १७९३ मध्ये ‘अ’ या एकाच अक्षरापाशी, गाढवाच्या ओरडण्याच्या क्रियापदावर, थांबला होता. दोनशे आठ वर्षांनी पुरा झालेल्या कोशावर टीका झाली ती त्यात बुएसारखे शब्द घेतल्याबद्दल. ज्यांनी नाके मुरडली ते स्वतः कोर्झा, कांझा आणि गाझु हे शब्द निःशंकपणे वापरत असणार. परकेपण विसरले गेले की शब्द आपला होतो, आणि बुएचे परकेपण तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

येथवरच्या उदाहरणांवरून माणसांचे शब्द केवळ परकेपणामुळे घसरतात असे वाटेल, पण पोर्तुगीजमधील सर्वांत दूरवर घसरलेला शब्द अस्सल घरचा आहे. ‘व्होसा मेर्से’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे चौदाव्या शतकात राजाला उद्देशून म्हणत. सरदारांनी ते आपल्यासाठी मागितले, मग व्यापाऱ्यांनी, मग साध्या गृहस्थांनी; राजा त्याहून वरच्या संबोधनांकडे निघून गेला. कोणाला कोणते संबोधन लावावे याचे कायदे करण्याची वेळ आली : स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांचा राजा दुसरा फिलिप याने १५९७ मध्ये, आणि पाचवा जुआंव याने १७३९ मध्ये ते केले. कायद्यांनी जिभा अडल्या नाहीत. रोजच्या वापराने व्होसा मेर्सेचे व्होसेमेसे, मग व्होस्मेसे, आणि अखेर ‘व्होसे’ झाले. पोर्तुगालमध्ये आज अनोळखी किंवा वडील माणसाला तोंडावर व्होसे म्हणणे पुष्कळांना उद्धट वाटते. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत तोच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या दोहोंचे काम करणारा नेहमीचा शब्द आहे, बोलताना त्याचा नुसता ‘से’ होतो आणि मोबाइलवरील संदेशांत तो दोन अक्षरांत उरकला जातो.

तेव्हा लिस्बनला जाणाऱ्या मराठी माणसाने समोरच्या पुरुषाला ‘उ सेन्योर’ आणि स्त्रीला ‘आ सेन्योरा’ म्हणावे, व्होसे साओ पावलोसाठी राखून ठेवावा, ‘ए कांझा’ आणि ‘बुए’ दोस्तांत खुशाल वापरावेत. गाझु मात्र कोणाच्या तोंडावर म्हणू नये.